वजिराची कोंडी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात नाताळच्या सुट्टीत बुद्धिबळाची स्पर्धा भरते. ही प्रथा शंभर वर्षांपूर्वीची. १९३० साल मावळत होतं आणि १९३१ उगवत होतं, तेव्हाच्या स्पर्धेत एका पटाच्या दोन बाजूंना दोन माणसं येऊन बसली. त्या दोघांमधलं अंतर एवढं होतं की डाव सुरू होण्याआधीच एखाद्याने निकाल सांगून टाकला असता, तरी त्याला कुणी उतावळा म्हटलं नसतं.

काळे मोहरे होते होसे राउल कापाब्लांकाकडे. क्यूबातल्या हवाना शहरात १८८८ मध्ये जन्मलेला हा माणूस वडिलांचा खेळ बघता बघता चौथ्या वर्षी बुद्धिबळ शिकला. १९२१ मध्ये त्याने इमॅन्युएल लास्करला हरवून जगज्जेतेपद मिळवलं, आणि त्या सामन्यात एकही डाव गमावला नाही. त्याआधी आणि त्यानंतर मिळून, १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं स्पर्धेच्या पटावर त्याला कुणी हरवू शकलं नव्हतं. १९२७ मध्ये अलेखाइनने त्याचं पद घेतलं, तरी कापाब्लांका समोर बसला की भल्याभल्यांचे हात जड होत. लोक त्याला बुद्धिबळाचं यंत्र म्हणत. त्याची चाल साधी असे, स्वच्छ असे, आणि डाव कधी हातातून निसटला ते समोरच्याला कळतही नसे.

पांढरे मोहरे होते मीर सुलतान खानकडे. पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा हा तरुण. आज ते गाव पाकिस्तानात आहे. लहानपणी वडिलांनी त्याला बुद्धिबळ शिकवलं ते देशी पद्धतीचं. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जात नसे. राजाचा किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घ्यायची मुभा असे. युरोपात चालणारे नियम त्याने शिकले ते मोठेपणी, हेस्टिंग्जच्या या डावाच्या चार-पाच वर्षं आधी. त्याच्या भागातले मोठे जमीनदार सर उमर हयात खान तिवाना यांनी त्याला आश्रय दिला होता, आणि १९२९ मध्ये ते लंडनला गेले तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन गेले. पुढे अनेकांनी त्याला नोकर म्हटलं, निरक्षर म्हटलं. त्याच्या कुटुंबीयांना हे चित्र मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. पण एवढं नक्की की ज्या पुस्तकांतून युरोपातले खेळाडू डावाची सुरुवात पाठ करत, ती पुस्तकं याच्या वाट्याला आली नव्हती. कापाब्लांका जे विसाव्या वर्षी विसरून गेला असेल, ते याला पंचविशीत शिकायचं होतं. त्यात इंग्लंडची थंडी त्याला सोसत नसे. सर्दी आणि हिवताप त्याच्या मागे लागलेले असत.

अशी ही जोडी. आता डाव बघू.

सुरुवातीला काही विशेष घडलं नाही. मोहरे बाहेर आले, एक घोडा एका उंटावर पडला, मध्यभागी प्यादी समोरासमोर येऊन थबकली. अठराव्या चालीच्या सुमारास पटाचं मधलं मैदान बंद झालं होतं. पांढऱ्याची प्यादी डी-४ आणि ई-३ वर, काळ्याची डी-५ आणि ई-४ वर. कुणीच कुणाला मारू शकत नव्हतं आणि कुणीच मागे हटू शकत नव्हतं. सुलतान खानने किल्लेकोट केलेला नव्हता. त्याने उजवीकडची प्यादी, जी आणि एच पट्टीवरची, पुढे रेटली आणि काळ्याच्या घोड्याला मागे हाकललं. मग एकविसाव्या चालीला त्याने आपला उंट जी-४ वर आणून काळ्याच्या हत्तीवर रोखला.

इथे कापाब्लांकाने एक मोठा निर्णय घेतला. त्याने आपले दोन्ही हत्ती एकामागून एक पांढऱ्याच्या घरात घुसवले, शह दिले, आणि दोन हत्ती देऊन सुलतान खानचा वजीर घेतला.

बुद्धिबळ खेळणाऱ्याला हा सौदा ओळखीचा असतो. हिशेबाने वजिराला नऊ गुण देतात आणि हत्तीला पाच. म्हणजे दोन हत्ती कागदावर वजिरापेक्षा कणभर जड. पण कागदाबाहेर गोष्ट वेगळी असते. पांढऱ्याचा राजा पटाच्या मध्यावर उघडा उभा होता, किल्ल्याशिवाय. मोकळा वजीर आणि उघडा राजा अशी जोडी असली की बहुतेक वेळा वजीर जिंकतो, कारण तो उभा जातो, आडवा जातो, तिरका जातो, एका चालीत पटाच्या या टोकावरून त्या टोकाला पोहोचतो. शिवाय वजीर चालवणारा हात कापाब्लांकाचा होता. त्याने हा सौदा का केला असेल, हे समजायला अवघड नाही. सगळ्यात बलवान मोहरा सगळ्यात बलवान खेळाडूच्या हातात, मग भ्यायचं कुणाला?

वजीर लगेच निघालाही. सी-४ वर आला, तिथून बी-३ वर. पांढऱ्याच्या बी-२ वरच्या प्याद्यावर त्याची नजर होती. सुलतान खानने एक हत्ती त्या प्याद्यामागे उभा केला. दुसरा हत्ती सी पट्टीवर आणला, मग तो वर चढवला आणि वजिराला तिथून हटवलं. मग बी पट्टीवरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. एवढ्यातच डावी बाजू वजिराला बंद झाली.

वजीर उजवीकडे वळला. तिथेही पांढऱ्याची प्यादी आधीच पुढे गेलेली, आणि त्यांच्यामागे पांढऱ्याचे दोन उंट. काळा वजीर एच-३ वर गेला. तिथून एच-४ वर. पुन्हा एच-३ वर. पुन्हा एच-४ वर. चालीमागून चाली गेल्या आणि पटावरचा सगळ्यात बलवान मोहरा दोन घरांत येरझाऱ्या घालत राहिला. समोर राजा नाही, हातात काम नाही. नऊ गुणांचा वजीर होता, पण जायला घरच नव्हतं.

याच काळात पांढऱ्याचा राजा काय करत होता, ते बघण्यासारखं आहे. तो सावकाश चालत डावीकडे गेला. सी-१, बी-२, मग ए-३. पुढे पुन्हा बी-२, बी-१, अगदी कोपऱ्यात ए-१, आणि परत बी-२. कुणाला वाटेल की हा माणूस वेळ घालवतो आहे. पण ज्याच्यावर हल्ला होऊ शकत नाही, त्याला घाई कशाची? प्रत्येक चालीला तो समोरच्याला एकच प्रश्न विचारत होता: माझी घडी बसलेली आहे, आता तुझी चाल कुठली? आणि कापाब्लांकाकडे चांगली चाल नव्हती. मध्येच सुलतान खानने ए प्यादं पुढे केलं, बी प्यादं बी-५ वर नेऊन ठेवलं. काळ्याने उत्तरादाखल आपलं प्यादं ए-५ वर ढकललं, आणि त्यामुळे काळ्याचं बी-६ वरचं प्यादं कायमचं एकटं पडलं. त्याला आधार द्यायला आता शेजारी दुसरं प्यादं नव्हतं.

वजिराने मध्यंतरी जी-२ वर डोकावायला सुरुवात केली होती. बावन्नाव्या चालीला सुलतान खानने एक हत्ती जी-१ वर आणला, आणि ते दारही लावून घेतलं. कोंडलेल्या वजिराला मदत म्हणून कापाब्लांकाने बी-७ वरचा उंट हलवला. पण हाच उंट इतका वेळ सी-६ हे घर राखत होता. तो हलला आणि पांढऱ्याचा हत्ती थेट सी-६ वर जाऊन बसला, शत्रूच्या मुलखात, एकट्या पडलेल्या प्याद्याच्या शेजारी. पुढे वजिराने उजवीकडे एक प्यादं खाल्लं खरं, पण तोवर उशीर झाला होता. हत्तीने बी-६ चं प्यादं घेतलं, पांढऱ्याचं बी प्यादं मोकळं होऊन पुढे निघालं, आणि पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला.

स्पर्धेत पहिला आला हॉलंडचा माक्स ऑयवे, दुसरा कापाब्लांका, तिसरा सुलतान खान. ज्याने युरोपातले नियम चार-पाच वर्षांपूर्वी शिकले, त्याने ज्याला यंत्र म्हणत त्याला हरवलं होतं. नशिबाने नाही, समोरच्याच्या एखाद्या डुलकीमुळे नाही. चाळीसहून अधिक चाली एकाच दिशेने खेळून हरवलं होतं.

बोधकथेचं तात्पर्य शेवटी लिहायची रीत आहे. मी ते इथेच लिहून टाकतो, कारण ही कथा अजून संपलेली नाही. तात्पर्य असं: बळ कितीही असलं तरी ते वापरायला जागा लागते. ज्याला जागा नाही त्याचं बळ वाया जातं, मग तो वजीर का असेना.

हे तात्पर्य दुबळ्याच्या फार कामाचं आहे. आजही कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीच्या जोड्यांचा कागद भिंतीवर लागतो आणि मुलं आपलं नाव शोधतात. बहुतेक स्पर्धांत पहिल्या फेरीला यादीच्या वरच्या अर्ध्या भागातला खेळाडू खालच्या अर्ध्या भागातल्याशी खेळतो. म्हणजे जोडी असमान असणार हे ठरलेलंच. मुलगा आधी समोरच्याचं नाव वाचत नाही, त्याचं रेटिंग वाचतो. कापाब्लांकाच्या काळात हे रेटिंग नव्हतं. अर्पाद एलो यांनी बसवलेली ती पद्धत जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. तिचं गणित सांगतं की दोघांत चारशे गुणांचं अंतर असेल तर वरच्याने दहा डावांतून साधारण नऊ गुण मिळवावेत. मुलाला हे गणित कुणी शिकवलेलं नसतं, पण त्याच्या पोटाला ते कळलेलं असतं. तो टेबलापाशी जातो तोवर अर्धा हरलेला असतो.

मग तो दोनपैकी एक गोष्ट करतो. एक म्हणजे सगळे मोहरे भराभर मारामारीत काढून टाकतो, पट रिकामा झाला की बरोबरी मिळेल या आशेने. पण रिकामा पट ही बलवानाची आवडती जागा असते. थोड्या मोहऱ्यांचा खेळ ज्याला नीट येतो, त्याच्यासमोर आपण होऊन तोच खेळ मांडायचा, यात शहाणपण नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो सुरुवातीपासून जिवावर उदार होऊन हल्ला चढवतो. हरणारच आहोत तर लढून हरू, असं म्हणतो. यात शौर्य दिसतं, पण खरं तर तीही भीतीच असते. डाव लवकर संपावा, ताण लवकर संपावा, ही इच्छा त्यामागे असते. पट उघडतो, आणि उघड्या पटावर बलवानाचे मोहरे दुप्पट वेगाने धावतात.

सुलतान खानने यातलं काहीच केलं नाही. त्याने कापाब्लांकापेक्षा हुशार चाल शोधायची खटपट केली नाही. कापाब्लांकाला ज्याची गोडी होती ते त्याला दिलं नाही, एवढंच. मैदान बंद केलं, घरं एकेक करून बंद केली, आपल्या प्रत्येक मोहऱ्यामागे दुसरा मोहरा उभा केला, आणि मग थांबला. थांबणं त्याला येत होतं. ज्या देशी खेळात तो वाढला होता, तिथे प्यादी एकेक घर सरकत, डाव हळूहळू उकलत, आणि घाई करणाऱ्याचं नुकसान होई. इंग्लंडमध्ये लोकांना जे त्याचं मागासलेपण वाटलं असेल, ती त्या दिवशी त्याची शिदोरी ठरली. माझ्या मते या डावातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. मोठ्यासमोर बसताना आपल्याला जे येत नाही त्याची यादी करायची नसते. जे येतं ते काढायचं आणि त्यावर डाव उभारायचा.

बलवानासाठीही या डावात धडा आहे, आणि तो जास्त कडू आहे. कापाब्लांकाने वजीर घेताना वजिराची किंमत पाहिली, वजिराची जागा पाहिली नाही. मोठा मोहरा हाती आला की त्याला काम आपोआप मिळेल असं त्याने गृहीत धरलं असावं. समोर लास्कर किंवा अलेखाइन असता तर त्याने हाच सौदा केला असता का, हे मला सांगता येणार नाही. पण समोरचा लहान आहे हे एकदा मनात बसलं, की माणूस त्याच्या बाजूची घरं मोजायचं सोडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, पटावरही आणि पटाबाहेरही. कापाब्लांकाच्या मोठेपणाबद्दल मात्र शंका नको. सुलतान खान ज्या परिस्थितीतून वर आला ती पाहता त्याची प्रतिभा असामान्य म्हणायला हवी, असं कौतुक त्याने पुढे स्वतः केलं. हरवणाऱ्याचं असं कौतुक सगळ्यांना जमत नाही. बहुधा त्याला आठवत असेल की १९०१ मध्ये क्यूबाचा विजेता हुआन कोर्झो याच्यासमोर बसलेलं लहान पोर तो स्वतः होता, आणि तो सामना त्या पोराने जिंकला होता.

आता कथेचा उरलेला भाग. तो हेस्टिंग्जच्या आधी सुरू होतो.

१९२९ मध्ये सुलतान खान लंडनला पोहोचला तेव्हा त्याला सराव मिळावा म्हणून एक छोटी स्पर्धा ठेवली होती. तिच्यात तो शेवटच्या जागेवर गेला. डावाची सुरुवात कशी करायची हेच त्याला धड माहीत नव्हतं. त्याच्यापुढे राहिले होते विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स, दोघेही इंग्लंडमधले नावाजलेले खेळाडू. या दोघांना त्याला विसरून जाता आलं असतं. दूर देशातून कुणी जमीनदार आपला माणूस घेऊन आला, माणूस हरला, विषय संपला. पण त्या दोघांनी तसं केलं नाही. स्पर्धेनंतर ते सुलतान खानबरोबर बसले, त्याचा सराव घेतला, त्याला तयार केलं. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली, आणि ती सुलतान खानने जिंकली. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकली. त्याने इंग्लंडच्या संघातून पहिल्या पटावर ऑलिंपियाड खेळलं. १९३१ मध्ये प्रागला त्याने रुबिनस्टाइन आणि फ्लोर या नावाजलेल्या खेळाडूंना हरवलं, आणि तेव्हाचा जगज्जेता अलेखाइन याच्याशी बरोबरी केली. ताकद त्याच्यात आधीपासून होती. विंटर आणि येट्स यांनी ती त्याला दिली नाही. त्यांनी फक्त तिला फिरायला घरं दिली.

आणि मग ती घरं संपली. १९३३ च्या डिसेंबरमध्ये सर उमर हयात खान हिंदुस्थानात परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला. त्यांच्याच घरातली मिस फातिमा हिने त्याच वर्षी ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं होतं. तीही परतली. इथे ना तशा स्पर्धा होत्या, ना तसे प्रतिस्पर्धी, ना पुन्हा जहाजाने युरोपात जाण्याची सोय.

१९३५ मध्ये सुलतान खान एक सामना खेळला, व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्ध. ही जोडीही असमानच होती, फक्त या वेळी मोठा होता सुलतान खान, आणि लहान बाजूला होते मराठी आडनावाचे खाडिलकर. दहा डाव झाले. नऊ सुलतान खानने जिंकले, एक बरोबरीत सुटला. जगातल्या पहिल्या फळीत जाऊन आलेल्या माणसासमोर दहा वेळा बसायचं, नऊ वेळा डाव सोडायचा, आणि तरीही एक डाव असा खेळायचा की त्याला जिंकता येऊ नये, हे सोपं काम नाही. हेस्टिंग्जच्या विजयाचं कौतुक करताना ती एक बरोबरी विसरू नये. असमान जोडीत लहानाच्या वाट्याला नेहमी विजय येत नाही. बहुतेक वेळा अर्धा गुण येतो, आणि तो अर्धा गुणही पूर्ण कष्टाचा असतो.

त्या सामन्यानंतर बुद्धिबळाच्या जगाला सुलतान खानची फारशी खबर उरली नाही. वयाच्या तिशीच्या आसपास, जेव्हा खेळाडू बहरात असतो, तेव्हा त्याचं स्पर्धेतलं बुद्धिबळ थांबलं. तो गावी राहिला. फाळणी झाली, गाव पाकिस्तानात गेलं. १९५० मध्ये फिडेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर हा किताब दिला, सत्तावीस जणांना. त्या यादीत रुबिनस्टाइनचं नाव होतं, ज्याने स्पर्धा खेळणं कधीच सोडलं होतं. सुलतान खानचं नाव नव्हतं. तेव्हा तो हयात होता. १९६६ मध्ये सरगोध्याला तो क्षयाने गेला. २०२४ मध्ये फिडेने त्याला मानाचा ग्रँडमास्टर किताब दिला, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

हेस्टिंग्जच्या पटावर वजिराची जी कोंडी झाली, ती सुलतान खानने खेळाचे नियम पाळून केली होती. तो त्याचा हक्क होता, आणि समोर उत्तर देऊ शकणारा माणूस बसलेला होता. सुलतान खानची स्वतःची कोंडी मात्र कुणी खेळून केली नाही. ती कुणी घर उघडलं नाही म्हणून झाली. पहिली कोंडी बघून आनंद होतो. दुसरी बघून वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांना एक विनंती आहे. तुमच्या तालुक्याच्या स्पर्धेत यंदाही एखादं मूल येईल, ज्याने बुद्धिबळ घरच्या ओसरीवर, आजोबांकडून, जुन्या नियमांनी शिकलेलं असेल. त्याला घड्याळ कसं दाबायचं ते कळणार नाही, चाली लिहिता येणार नाहीत, मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो हे त्याला हरल्यावर कळेल. पहिल्या फेरीत ते यादीतल्या वरच्या खेळाडूकडून हरेल. त्याला तसंच घरी जाऊ देऊ नका. डाव संपल्यावर त्याच्या शेजारी बसा, तोच डाव त्याच्याबरोबर पहिल्यापासून लावून बघा, चाली लिहायला शिकवा, आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज त्याच्यासमोर भरा.